दुसऱ्या दाराची कडी

“तुमच्या खोलीला एक कडी आहेच. मग ही कुठल्या दाराची?” भावजयीने पुन्हा विचारलं आणि कडी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने कडीकडे पाहिलं, मग हातातली उशीची खोळ उलटी केली आणि कोपऱ्यातली टीप उसवली आहे का ते बघितलं. आभाळ कोसळलं तरी ती आधी टीप बघणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“माझ्या पिशवीत हात कशाला घातलास?”

“सुई हवी होती.”

“सुया डबीत असतात. डबी वरच असते.”

“तळाशी गेली असेल म्हणून बघितलं. आणि विषय सुईचा नाही, ताई.”

विषय सुईचा नव्हता हे खरंच होतं. भावजयीने कडी नीट निरखली होती. नवी असती तर दुकानातून आणली म्हणून सोडून दिलं असतं. पण हिच्या कडेला हिरव्या रंगाच्या खपल्या होत्या आणि भोकांभोवती स्क्रू पिळल्याचे ओरखडे होते. म्हणजे ही एखाद्या दाराला लावून काढलेली होती, आणि ते दार हिरवं होतं. त्यांच्या घरात हिरवं दार नव्हतं. तेव्हा ताईचा दुसरीकडे कुठेतरी संसार आहे, निदान संसाराची तयारी आहे, एवढं भावजयीने सिद्ध करत आणलं होतं.

भाऊ नुकताच कामावरून आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एक बूट काढलेला आणि एक पायातच, असा तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. कडी टेबलावर आली तशी त्याने एकदा मान वर केली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला.

खिडकीजवळच्या पलंगावर आई होती. तिला ऐकू कमी यायचं, पण घरात भांडण लागलं की बरोबर ऐकू यायचं. तिने उशी पाठीशी घेतली आणि बसती झाली.

भावजयीचा संशय आजचा नव्हता. मुलाचं लग्न ठरल्यापासून तिचं लक्ष ताईच्या खोलीवर होतं. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी होता. लग्नानंतर तो बायकोला घेऊन इथेच येणार होता. नवीन जोडप्याला काय बैठकीत झोपवायचं? ताईने आईच्या पलंगाशेजारी पथारी टाकली तर सगळंच सुटणार होतं. हे तिने गोड शब्दांत सुचवलं तेव्हा ताई म्हणाली होती, “बघू.” ताईच्या ‘बघू’चा अर्थ नाही असा होतो, हे या घरात लहान पोरालाही कळायचं.

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी ताईचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’. आता ती कारखान्यातून आली की चहाचा कप घेऊन खोलीत जायची, कडी लावायची आणि भाजी चिरून, शिजून, झाकून ठेवली तरी तिचं बोलणं संपायचं नाही. मधूनच हसायची. ताईचं हसणं ऐकून भावजयीच्या हातातला चमचा पहिल्यांदा थांबला तो तेव्हा. तिने इस्त्रीचं टेबल ताईच्या दारासमोर पॅसेजमध्ये हलवलं. तिथे वारा येतो म्हणाली. पॅसेजला खिडकी नव्हती.

पलीकडचं माणूस बाई की पुरुष हे बंद दारातून कळत नव्हतं. ताईचा आवाज मात्र खणखणीत यायचा. ‘टेक इन’ हे दोन इंग्रजी शब्द पुन्हापुन्हा यायचे आणि त्यांच्यामागून भलतंच काहीतरी. दाराल्त्माक. काव्रामाक. कांदिर्माक. भावजयीने नवऱ्याला विचारलंही, तुमच्या बहिणीने कांद्याचा धंदा काढलाय की काय. तो हसला आणि कूस बदलून झोपला. त्याला कुठल्याही गोष्टीबद्दल चौकशी करायची सवयच नव्हती. लिफ्ट अडकली की तो सोडवायचा. कोण अडकलं होतं, कुठे चाललं होतं, हे कधी विचारायचा नाही. एक सवय मात्र त्याला होती: कुठलीही वस्तू खोलली की तिचे स्क्रू लाल टेपच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. घरातल्या कुठल्याही ड्रॉवरमध्ये हात घाला, लाल पुडी लागायचीच. सुपारी समजून एक पाहुणे ती तोंडात टाकणार होते.

आता ताईबद्दल. ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात नमुने शिवायची. बाहेरून एखाद्या कपड्याची मागणी आली की आधी एकच कपडा शिवतात, मागवणारे तो तपासतात, चुका सांगतात, मग हजारोंनी शिलाई सुरू होते. तो पहिला कपडा ताईच्या हातचा. आणि दुसऱ्या कुणी शिवलेला असला तर तो तपासायचा ताईनेच. कपडा हातात आला की ती आधी उलटा करायची. सुलट्या बाजूला सगळेच कपडे चांगले दिसतात, असं ती म्हणायची. माणसांबद्दलही तिचं हेच मत होतं. कारखान्यात तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

तिचा मापावर विश्वास नव्हता. कागदावर जेवढी माया ठेवायला सांगितली असेल त्याच्याहून ती थोडी जास्तच ठेवायची. शिवणीच्या आत कापड राखून ठेवलेलं असलं तर कपडा नंतर उसवून सैल करता येतो. एकदा कापलं की कापलं. कागदावर माप लिहिणाऱ्याने ते अंग थोडंच पाहिलेलं असतं. या वाक्यावर तिची आणि कात्रीवाल्या मास्तरची वर्षानुवर्षं भांडणं झाली होती.

लग्नानंतर वर्षाच्या आत ती माहेरी परत आली होती. का आली ते तिने सांगितलं नाही आणि कालांतराने लोकांनी विचारायचंही सोडलं. तिच्या खोलीला आतून कडी होती. घरात दुसऱ्या कुठल्याही खोलीला आतून कडी नव्हती. ती कडी रोज झोपताना वाजायची आणि ती वाजली की दिवस संपला असं घर धरून चालायचं.

कारखान्याला नवीन कंपनीचं काम मिळालं आणि नमुने तपासायला त्या कंपनीने एक तुर्की मुलगी पाठवली. लहानखुरी, गळ्यात मोजपट्टी, केस पेन्सिलीने वर खोचलेले. आल्या आल्या तिने ताईच्या शिवणी चिमटीत धरल्या आणि माया जास्त आहे म्हणून सांगितलं. ताईचं इंग्रजी कपड्यांपुरतं होतं. आलेल्या सूचना वाचून वाचून जमलेलं. तेवढ्यातून तिने सांगितलं की कागद खोटं बोलतो, अंग बोलत नाही. मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. तिची आई शिवणकाम करायची आणि अगदी हेच म्हणायची.

सुरुवातीला ताईला तिचाही संशय आला होता. मुलगी कापडाला कुमाश म्हणाली ते ठीक, पण दुकानाला दुक्कान, साबणाला साबुन आणि हवेला हवाच म्हणाली, तेव्हा ताईला वाटलं ही आपली थट्टा करतेय. आमचेच शब्द घ्यायचे तर वेगळी भाषा कशाला ठेवलीत, असं तिने विचारून घेतलं. मग मुलीने फोनवर आईशी बोलून दाखवलं. आई साबुन म्हणाली तेव्हा ताईचं समाधान झालं.

मुलीला राहायला कारखान्याच्या ऑफिसवरची खोली दिली होती. थोड्याच दिवसांत ताईच्या लक्षात आलं की मुलीच्या टाचण्या वाकड्या जातायत. पुतळ्याला कापड लावताना तिने स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं, तेही एकाच सकाळी पुन्हापुन्हा. ताईने काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून गेली आणि खोली बघून आली. दार हिरवं. आतल्या बाजूने, कडी असायला हवी तिथे फिकट चौकोन आणि चार भोकं. दुसरी चावी खाली मॅनेजरच्या टेबलामागे खिळ्याला. मग मुलीने आपणहून सांगितलं: मॅनेजर दोनदा न वाजवता आत आला होता. एकदा नळाला पाणी येतंय का बघायला, एकदा बल्ब बघायला. दोन्ही वेळा मुलगी आत होती. दोन्ही वेळा पाणी आणि बल्ब ठीक होते.

ताईने हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि सुट्टीत स्वतः बसवली. आणि संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यापासून मॅनेजरची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत फोन चालू ठेवायचा असं ठरवलं. मुलगी फोन टेबलावर उघडा ठेवायची आणि ताई इकडून मोठ्याने बोलायची. खोलीत दुसऱ्या बाईचा आवाज असला की जिन्यावरची पावलं परत फिरतात, असा तिचा हिशोब होता. तो बरोबर निघाला.

पण रोज इतकं बोलायचं काय? दोघींची मिळून धड एक भाषा नव्हती. म्हणून शब्द घेऊन बसल्या. एका अर्थाचा शब्द लगेच संपायचा आणि दोन्हीकडे शांतता व्हायची, आणि शांतता तर नको होती. ‘टेक इन’ मात्र संपेना. ताईला आयुष्यभर त्याचा एकच अर्थ माहीत होता: कमरेत सैल होतंय, आत घ्या. ते दाराल्त्माक. मग मुलीने शाळेत शिकलेले बाकीचे अर्थ आठवून आठवून काढले. दोरीवरचे कपडे घरात घेणे, ते इचेरी आल्माक. सांगितलेलं डोक्यात घेणे, ते काव्रामाक. एखाद्याला गोड बोलून फसवणे, ते कांदिर्माक. कुठल्या अर्थाला कुठलं वाक्य बसतं ते दोघी बनवून बघायच्या. कात्रीवाला मास्तर सगळ्या वाक्यांत यायचा आणि बहुतेक वेळा काहीच डोक्यात घ्यायचा नाही. ताई हसायची ती तेव्हा. फसवण्याच्या अर्थाचं वाक्य मुलीने स्वतःच दिलं. पहिल्या दिवशी तो फार चांगला वागला होता, मी फसले, असं. त्यात मास्तर नव्हता.

आणखी एक अर्थ शेवटी आला. कुणाला आपल्या घरात आसरा देणे. एविने आल्माक. मुलीच्या आजीने एकदा जखमी मांजर घरात घेतलं होतं, त्याची गोष्ट तिने सांगितली. ताईने तो शब्द चारदा म्हटला आणि उच्चार जमल्यावरच फोन ठेवला.

यातलं तिने घरात काही सांगितलं नव्हतं, त्याला कारण होतं. कारखान्याच्या लिफ्टचं काम भावाकडे होतं. काम झाल्यावर मॅनेजर त्याला आपल्या खोलीत बसवून चहा पाजायचा. घरात बोललेलं त्या चहाबरोबर तिकडे पोचणार नाही, याची ताईला खात्री नव्हती. सख्ख्या भावाचा संशय घेते म्हणून तिला स्वतःचं वाईट वाटायचं, पण कपडा उलटा केल्याशिवाय तो चांगला आहे असं म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं.

आज दुपारी मुलगी जेवून खोलीवर गेली तेव्हा कडी दाराला नव्हती. खिडकीत काढून ठेवली होती. तिने ती आणून ताईच्या हातात दिली. ताईने बघितली, पिशवीत टाकली आणि दिवसभर एकाही शिवणीत चूक काढली नाही. कात्रीवाला मास्तर म्हणाला, बाईंना बरं नाही, वाटतं.

“सांगणार नसाल तर नका सांगू,” भावजय म्हणत होती. “पण उद्या व्याही येऊन विचारतील, मुलाची आत्या या वयात कुठे जाते, कुणाशी बोलते. आम्ही काय सांगायचं? तुम्हाला कुणी फसवत असेल तर तसं सांगा. बाहेरदेशीचे बायका-पुरुष फोनवरून काय काय करतात ते रोज ऐकतोय.”

ताईने खोळीची घडी घातली आणि वर ठेवली.

“कडी कुठल्या दाराची ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “दारावरून काढली कुणी, ते विचार.”

“कुणाला विचारू?”

ताईने पिशवी ओढून घेतली, बाजूच्या कप्प्यातून लाल टेपची पुडी काढली आणि कडीशेजारी ठेवली. भावजयीने पुडी पाहिली. तिने ड्रॉवर आवरताना अशा शेकडो पुड्या शिव्या देत बाजूला केल्या होत्या. तिने सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

“नाडी सुटली नाही का अजून?” ती म्हणाली.

भाऊ सरळ झाला. मॅनेजरनेच सांगितलं, तो म्हणाला. आगीच्या नियमात खोलीला आतून कडी चालत नाही म्हणाले. लिफ्टचं काम झालंच होतं, अवजारं हातात होती, जाता जाता काढून दिली. स्क्रू हरवू नयेत म्हणून बांधून ठेवले. त्यात काय एवढं.

“आत कोण राहतं ते विचारलंस?” ताईने विचारलं.

“नाही.”

“दोरीवर काय वाळत होतं ते दिसलं असेल.”

त्याने दुसरा बूट काढून ठेवला. दिसलं होतं.

मग ताईने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, शिवणीतल्या चुका सांगाव्यात तसं: चावी, नळ, बल्ब, टाचण्या. भावजय उभी होती ती खुर्चीवर बसली. एवढे दिवस जोपासलेला संशय असा हातचा गेला म्हणून ती जरा खट्टू झाली, पण तिला संशयावाचून राहता येत नव्हतं आणि आता त्याला चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं.

“दिवसा चावी खिळ्याला असते,” ती म्हणाली. “ऑफिस बंद झाल्यावर कुणाच्या खिशात असते?”

ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्हाला तो चहा पाजतो. कशाबद्दल पाजतो, ते कधी मनात नाही आलं?”

भावाचं म्हणणं होतं की गोष्ट एवढी वाढवू नये. ताईला पहिल्यापासून संशय घ्यायची खोड आहे, तिला दोरी दिसली की साप दिसतो. मॅनेजर असेल थोडा आगाऊ. आठवड्यापूर्वीच तो चहा पिताना म्हणाला होता, तुमच्या ताईंना समजवा, पाहुणीच्या नादी लागून कामात लक्ष नाही त्यांचं. आपण मध्ये पडलो तर लिफ्टचं काम जाईल, ताईची नोकरीही जाईल, आणि लग्न तोंडावर आलंय. मुलीने आपल्या कंपनीला कळवावं. ते बघतील.

“तिने कळवलंय,” ताई म्हणाली. “ते बघतायत. तोवर दार उघडं आहे.”

“मी उद्या कडी परत लावून देतो.”

“आणि परवा त्याने सांगितलं की काढून देशील.”

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, पण बहिणीच्या नजरेपुढे ते बंद झालं. ती त्याला कपड्यासारखं उलटं करून बघत होती आणि शिवण कुठे सुटलीय ते दोघांनाही दिसत होतं.

तेवढ्यात पलंगावरून आई भावाकडे बघून बोलली. तिचा आवाज बहिऱ्या माणसांचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा होता.

“ही परत आली तेव्हा मी पाणी आणलं. तर म्हणाली, आधी दाराला आतून कडी लावून द्या. तुझ्या बापाने का म्हणून विचारलं नाही. लावून दिली.”

एवढं बोलून ती पुन्हा आडवी झाली. ताईच्या हातात भावाचा शर्ट होता. तिने तो उलटा केला, बगलेतली टीप पाहिली, सुलटा केला आणि घडी न घालता तसाच मांडीवर ठेवला. भावजय उठून गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. कुणाला हवा होता ते तिलाही माहीत नव्हतं. तिने तो ताईसमोर ठेवला.

“पण ताई,” ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, “खोलीचं काय करायचं? लग्न झाल्यावर पोरं कुठे राहतील?”

“ते बघू,” ताई म्हणाली.

भावजयीने त्याचा अर्थ ओळखला, पण या वेळी ती वाद घालायला उभी राहिली नाही. तिने मिठाची बरणी उचलून जागेवर ठेवली.

ताईने शर्टाची घडी घातली. कपड्यांची थप्पी दोन्ही हातांनी सारखी केली. मग कडी आणि लाल पुडी उचलून भावाच्या हातात दिली.

“ही तिची आहे, तिच्या सामानात ठेव,” ती म्हणाली. “ती उद्यापासून माझ्या खोलीत राहणार आहे. मी तिला सांगून आलेय, आजची रात्र ती दाराला ट्रंक लावून काढेल. पलंग ती घेईल, मी खाली झोपेन. तिची ट्रंक जड आहे, ती आणायला तू जाशील, कामाची गाडी घेऊन, मॅनेजर ऑफिसात असताना. त्याने विचारलं तर नियम सांग, कुठला ते तुझं तू ठरव.” भावजयीकडे वळून ती म्हणाली, “इस्त्रीचं टेबल पॅसेजमधून हलव, ट्रंक जायला जागा लागेल. आणि तिला चहात साखर जास्त लागते.”